घर दिले, वस्ती कोण देणार?

सरकार घरे मोजते. आम्ही शाळामास्तर, आम्ही हजेरी मोजतो. हे दोन हिशेब एकमेकांशी जुळत नाहीत, आणि ते का जुळत नाहीत हे आमच्या शेतकरी व कारागीर बांधवांस उलगडून सांगावे म्हणून आज लेखणी हाती घेतली आहे. ज्यांस वाचता येते त्यांनी हा मजकूर घरातील बायामाणसांस वाचून दाखवावा. कारण घर कोठे असावे हा प्रश्न पुरुषांपेक्षा त्यांस अधिक कळतो.

शहाण्या लोकांची एक ठरीव समजूत आहे. गरिबाला चार भिंती व वर छप्पर दिले की त्याचा प्रश्न मिटला! आम्ही म्हणतो, मिटला नाही; अर्धा मिटला. दाराबाहेर पडल्यावर किती पावलांवर शाळा लागते, डॉक्टर किती लांब, काम किती लांब, नळाला पाणी कोणत्या वारी येते, आणि मध्यरात्री पोराच्या पोटात दुखू लागले तर कोणाचे दार वाजवावयाचे, हे सारे मिळून घर होते. बागाईत जमीन आणि माळ ह्यांतला फरक शेतकऱ्यास आम्ही शिकवावा काय? दोहोंचा सातबारा एकाच प्रकारच्या कागदावर निघतो. दोहोंचा एकर चाळीस गुंठ्यांचाच. तरी मुलगी देताना तुम्ही विचारताच ना, की जमीन पाटाखाली आहे की माळावर? मग सरकार घर देते तेव्हा हाच प्रश्न विचारावयास आमची जीभ का अडखळते?

खेड्यातला वाचक म्हणेल, हे शहराचे गाऱ्हाणे आमच्या कानी कशास? अहो, सोलापुरात यंत्रमागावर उभा राहणारा, रिक्षा ओढणारा, इमारतीवर विटा वाहणारा कोण आहे? तुमचाच भाऊ, तुमचाच जावई, आणि पाऊस दोन वर्षे रुसला तर तुम्ही स्वतः. सांगोला, मंगळवेढा, अक्कलकोट ह्या बाजूंचा माणूस दुष्काळात सोलापूरचीच वाट धरीत आला आहे. तेव्हा शहरात गरिबाला जागा कोठे मिळते हा खेड्याचाही प्रश्न होय.

आता सोलापूरचेच उदाहरण घेऊ. अक्कलकोटच्या वाटेवर, शहरापासून दहाबारा किलोमीटरांवर, दक्षिण सोलापूर तालुक्यात कुंभारी गाव आहे. ह्या गावाच्या शिवारात २००६ साली गोदूताई परुळेकर ह्यांच्या नावाने विडी कामगार बायांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. त्या वेळचे पंतप्रधान मनमोहन सिंग ह्यांच्या हस्ते घरांचे वाटप झाले. त्यानंतर तेथेच रायनगर ह्या नावाने ३० हजार घरांची वसाहत आखली गेली. तिची पायाभरणी पंतप्रधान नरेंद्र मोदी ह्यांनी जानेवारी २०१९ मध्ये सोलापुरात केली आणि पहिल्या १५ हजार घरांच्या किल्ल्या १९ जानेवारी २०२४ रोजी दिल्या. विडी वळणाऱ्या बाया, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणाऱ्या बाया, रिक्षावाले, असे हे लोक.

ज्याचे श्रेय त्यास दिलेच पाहिजे. ही घरे कोणी ताटात वाढून दिलेली नाहीत. नरसय्या आडम मास्तरांसारखे पुढारी आणि लाल बावट्याखाली वर्षानुवर्षे मोर्चे काढणाऱ्या विडीवाल्या बाया ह्यांनी ती भांडून मिळविली आहेत. झोपडीत पावसाळा काढलेल्या बाईस स्वतःच्या नावाचे पक्के घर मिळावे, ही गोष्ट लहान नव्हे. जे लोक माडीवर बसून त्या घरांस नाके मुरडतात त्यांच्या पंक्तीस आम्ही बसणार नाही. आमचे भांडण त्या बायांशी नाही, त्यांच्या पुढाऱ्यांशीही नाही. आमचे भांडण, गरिबाला शहराच्या वेशीबाहेरच जागा आहे असे गृहीत धरून सारा बेत आखणाऱ्या सरकारी बुद्धीशी आहे.

हिशेब पाहा. रायनगरच्या ३० हजार घरांचा खर्च पायाभरणीच्या वेळी १८११ कोटी ३३ लाख रुपये सांगितला गेला. म्हणजे एका घरामागे सुमारे सहा लाख. केंद्र व राज्य मिळून देणार ७५० कोटी. म्हणजे घरामागे अडीच लाख. उरलेले साडेतीन लाख कोणाच्या बोकांडी? कष्टकऱ्याच्या आणि त्याच्या कर्जखात्याच्या. म्हणजे हे दान नव्हे. मोठा वाटा गरीबच उचलतो, पण घर कोठे बांधावे हे ठरविताना जमिनीचा भाव बोलतो, गरीब बोलत नाही. सात रस्त्याजवळ, होटगी रस्त्यावर, जुळे सोलापुरात जमीन महाग. म्हणून तेथे गरिबाचे घर नाही. माळ स्वस्त, म्हणून गरीब माळावर!

दुसरा हिशेब माणसांचा. एका घरी चारच माणसे धरली तरी ३० हजार घरांत सव्वा लाखाच्या आसपास वस्ती होते. पंढरपूर शहराची लोकसंख्या २०११ च्या शिरगणतीत लाखाच्या आत होती. म्हणजे रायनगर पुरते भरले की ते पंढरपुराहून मोठे होणार. पंढरपुरास शाळा, कॉलेजे, दवाखाने, बाजारपेठ, रेल्वे, एसटी हे सारे जमावयास कित्येक पिढ्या लागल्या. एवढे गाव माळावर एका खेपेत वसवावयाचे तर ह्या सर्व गोष्टी घरांच्या आधी, निदान घरांबरोबर हव्यात. आमच्याकडे रीत मात्र उलटी! आधी किल्ली, मग रस्ता, मग पाणी, मग दिवा, आणि शाळा व दवाखाना सवडीने.

तिसरा हिशेब पोराच्या वयाचा, आणि तोच आम्हांस सर्वांत अधिक बोचतो. पायाभरणी जानेवारी २०१९ ची, पहिल्या किल्ल्या जानेवारी २०२४ च्या. ज्या दिवशी कुदळ पडली त्या दिवशी दुसरी-तिसरीत बसणारे आठ वर्षांचे पोर किल्ली मिळाली तेव्हा तेरा वर्षांचे झाले होते. उरलेल्या १५ हजार घरांतल्या पोरांस त्याहूनही थांबावे लागले. सरकारी काम वर्षांनी लांबते. पोराचे वय त्याची वाट पाहत नाही. तेरा वर्षे हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो पुन्हा येणार आहे.

कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही उगाच नन्नाचा पाढा लावता. बाहेर गेले म्हणून काय बिघडले? ह्यास उत्तर शेजारच्या गुजरातेत मिळते, आणि तेही विडीवाल्या बायांकडूनच. १९८७ साली अहमदाबादेत सेवा ह्या संस्थेच्या सभासद असलेल्या, विडी वळणे व तशीच घरबसली कामे करणाऱ्या गरीब बायांसाठी घरांची सोडत निघाली. घरे पक्की होती, झोपडीहून कितीतरी चांगली. पण शहराच्या मध्यापासून सुमारे १२ किलोमीटर लांब. चौदा वर्षांनी अभ्यासकांनी त्यांची चौकशी केली. ज्यांस घर लागले त्यांपैकी शंभरात ३४ जणी तेथे राहावयास गेल्याच नाहीत, आणि आणखी ३२ जणी राहून परत फिरल्या. ज्यांस सोडत लागली नाही त्यांच्याशी ताडून पाहिले तर सोडत लागलेल्यांची कमाई वाढलेली नव्हती, पोरांच्या शिक्षणात फरक पडलेला नव्हता. उलट आप्तसोयरे तुटले होते आणि अडल्या वेळी उसनेपासने देणारे हात लांब गेले होते. लक्षात घ्या, ह्या बाया काही नादान नव्हत्या. पक्क्या भिंती सोडून त्या परत झोपडपट्टीकडे का आल्या? विडीचे पान-तंबाखू आणावयाचे, वळलेल्या विड्या पोचवावयाच्या, त्यात येण्याजाण्याचे भाडे आणि अर्धा दिवस मोडावयाचा, तर हजार विड्या वळावयाच्या कधी? जो हिशेब अधिकाऱ्यास कागदावर जमला नाही तो त्यांनी बोटांवर केला.

गरिबाने कोठे राहावे हे दुसऱ्याने ठरविण्याची चाल आमच्या देशात नवी नाही. गावकूस ही काय चीज होती? भिंत दगडामातीची होती, परंतु तिच्या आत पाटील, कुळकर्णी, वाणी, आणि बाहेर महार-मांग, ही वाटणी दगडामातीची नव्हती. पाणवठा आत, शाळा आत, चावडी आत. बाहेरच्या वाट्यास माळ, पांढरीच्या पलीकडचा. खुद्द सोलापुरात इंग्रजी अमलात काय झाले ते म्हाताऱ्यांस ठाऊक आहे. गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ साली झाला, आणि त्याच्या जोरावर पारधी, कैकाडी, टकारी अशा जमातींची कुटुंबेच्या कुटुंबे सोलापूरच्या सेटलमेंटात तारेच्या कुंपणाआड कोंडली गेली. १९५२ साली तो कायदा देशभर रद्द झाला; परंतु सेटलमेंट हे नाव त्या वस्तीच्या कपाळावरून अजून पुसले गेलेले नाही. ज्या गिरण्यांच्या भोंग्यावर सोलापूर उठत होते त्या जुन्या गिरणीचे, लक्ष्मी-विष्णूचे, नरसिंग गिरजीचे भोंगे एकामागून एक बंद पडले. गिरण्या चालू होत्या तोवर मजूर शहराच्या पोटात हवा होता. गिरण्या बंद पडताच तोच मजूर शहरास जड झाला!

मुंबईतही तेच. गिरणगावच्या जमिनीवर टोलेजंग मनोरे झाले, आणि गिरणी कामगारांस व त्यांच्या वारसांस घरे कोठे देऊ केली? शेलू आणि वांगणी, पार कर्जत-बदलापूरच्या बाजूस. जुलै २०२५ मध्ये हे लोक आझाद मैदानावर जमले आणि त्यांनी सांगितले की आम्हांस मुंबईतच घर पाहिजे. त्यांना हावरे म्हणावे काय? ज्यांच्या बापांनी त्या शहराचा कापूस कातला त्यांनी त्या शहरात पाय टेकावयास जागा मागणे हा हावरेपणा नव्हे, तो हिशेब होय.

मग करावे काय? नुसती टीका करून लेखणी खाली ठेवणे हे मास्तराचे काम नव्हे. एक उपाय असा की सरकारने घर बांधून देण्याऐवजी, किंवा त्याच्या जोडीस, कुटुंबाच्या हाती हुंडी द्यावी. सरकारी भाषेत तिला व्हाउचर म्हणतात. हुंडी काय असते हे विणकरास व शेतकऱ्यास सांगावयास नको. कागद दाखवावा आणि ठरलेली रक्कम पदरात पडावी. ही हुंडी घेऊन कुटुंबाने आपल्या सोयीच्या वस्तीत घर पाहावे, आणि घराच्या भाड्याचा किंवा किमतीचा काही भाग सरकारने परस्पर चुकता करावा. म्हणजे माणसाने घराच्या मागे माळावर जाण्याऐवजी घर माणसाच्या सोयीने शोधले जाईल.

ही कल्पना आम्ही हवेतून काढलेली नाही. प्रधानमंत्री आवास योजनेचा दुसरा शहरी टप्पा २०२४ साली सुरू झाला. पाच वर्षांत एक कोटी शहरी कुटुंबांस साहाय्य देण्याचा त्याचा बेत आहे. वर्षाची मिळकत तीन लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबाने सरकारने मान्य केलेल्या खासगी बांधकामात घर घेतले तर त्यास असे व्हाउचर देण्याची तरतूद त्या योजनेत लिहिलेली आहे. म्हणजे हुंडीचे दार कायद्याच्या कागदावर किलकिले झाले आहे. परंतु शेतकरी बांधवांनो, किलकिल्या दारातून माणूस जात नाही, फक्त वारा जातो. मान्य बांधकाम कोठे असेल? बिल्डर आपला फायदा पाहणार. तो मान्यता घेईल ती पुन्हा स्वस्त माळावरच. मग हुंडी असो की किल्ली, पोचावयाचे ठिकाण एकच!

ह्या बाबतीत अमेरिकेचा अनुभव ऐकण्यासारखा आहे. ज्या देशातील लोकांनी गुलामांस मुक्त केले म्हणून महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपले ‘गुलामगिरी’ पुस्तक त्यांस अर्पण केले, त्याच देशात गुलामगिरी गेल्यावरही काळ्या लोकांच्या वस्त्या वेगळ्याच राहिल्या. शिकागो शहरात सरकारी घरे बांधली ती काळ्यांच्याच वस्तीत. गोऱ्यांच्या वस्तीत एकही नको असा कावा. डोरोथी गॉट्रो नावाच्या काळ्या भाडेकरू बाईने व तिच्या सोबत्यांनी १९६६ साली ह्यावर दावा लावला. बाई वारली, दावा चालूच राहिला, आणि १९७६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने वादींच्या बाजूने कौल दिला. मग हजारो कुटुंबांस भाड्याची हुंडी देऊन दुसऱ्या वस्त्यांत घरे शोधून दिली गेली.

पुढे १९९४ साली तेथील सरकारने पाच मोठ्या शहरांत ही गोष्ट पारखून पाहिली. सुमारे ४६०० गरीब कुटुंबांत सोडत काढली. काहींस हुंडी दिली ती अशा अटीवर की घर कमी गरिबीच्या वस्तीतच घेतले पाहिजे. काही वर्षांनी पाहिले तर थोरांची कमाई वाढलेली नव्हती. प्रकृतीस व मनास आराम पडला होता एवढेच. लगेच शहाणे म्हणाले, योजना फसली. परंतु लेकरे मोठी होईपर्यंत कोणी थांबले नव्हते! ती मोठी झाल्यावर, २०१५ च्या सुमारास, अभ्यासकांनी त्यांच्या मिळकती तपासल्या. तेव्हा असे दिसले की जी पोरे तेरा वर्षांची होण्याच्या आत चांगल्या वस्तीत गेली, ती विशीच्या मध्यास आल्यावर इतरांपेक्षा शेकडा ३१ अधिक कमावीत होती. जी तेराच्या पुढे गेल्यावर गेली त्यांस लाभ झाला नाही. आता कुंभारीच्या माळावर किल्लीची वाट पाहत तेरा वर्षांचे झालेले ते पोर आठवा. वस्ती ही पेरणीसारखी आहे. मृग गेल्यावर बियाणे फुकट वाटले तरी त्याचा उपयोग किती?

त्याच देशातून दुसराही एक धडा घ्यावा. तेथे पुष्कळ कुटुंबे हुंडी हाती असूनही जुन्याच गरीब वस्तीत घर घेत. शहाण्यांनी निदान काढले, ह्यांस तेथेच आवडते. सिॲटल शहरात २०१८ पासून हे तपासले गेले. काही कुटुंबांस हुंडीबरोबर एक जाणता माणूस जोडून दिला. तो घरमालकांशी बोले, कागद भरून देई, अनामतीस थोडी मदत मिळवून देई. ज्यांस असा माणूस मिळाला त्यांपैकी शंभरात ५३ कुटुंबे चांगल्या वस्तीत गेली. ज्यांस मिळाला नाही त्यांपैकी फक्त १५. म्हणजे आवडीचा प्रश्नच नव्हता. वाट दाखविणाऱ्याचा होता. तहसील कचेरीत एक दाखला काढावयास ज्याने चार खेटे घातले आहेत त्यास ह्याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

आमच्या राज्यातही न्यायालयाने ह्याच दिशेने बोट दाखविलेले आहे. मुंबईत तानसा जलवाहिनीकाठची कुटुंबे हलवून तेल शुद्धीकरणाच्या कारखान्यांना लागून असलेल्या माहुलास नेली. घरे पक्की होती, पण हवा विषारी. माणसे आजारी पडू लागली. २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की ह्या लोकांस दुसरीकडे घरे द्या, नाही तर महिना १५ हजार रुपये भाडे व ४५ हजार अनामत द्या, म्हणजे ते आपली सोय पाहतील. हुंडी म्हणजे आणखी काय असते? फरक इतकाच की माहुलच्या लोकांस ती मिळण्याआधी आजारी पडावे लागले.

आता विरोधकांकडे वळू. एक म्हणतो, गरीब चांगल्या वस्तीत आले तर वस्ती बिघडेल. हे बोलणाऱ्याच्या घरी धुणी-भांडी कोण करते? त्याच्या इमारतीच्या विटा कोणी वाहिल्या? दिवसभर तुमच्या वस्तीत राबणाऱ्या बाईने वस्ती बिघडत नाही, आणि रात्री ती तेथेच झोपली तर बिघडते. हे कोणते शास्त्र? गावकूस पडले म्हणून आम्ही समजत होतो. ते पडलेले नाही, त्याला आता गेट म्हणतात आणि बाहेर पहारेकरी बसतो.

दुसरा म्हणतो, हुंडी आली की घरमालक भाडे वाढवील. ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर हुंडी नाकारणे हे नव्हे, घरे वाढविणे हे होय. शहराच्या पोटात बंद गिरण्यांच्या व सरकारी मालकीच्या ज्या जागा रिकाम्या आहेत त्यांवर पहिला हक्क गरिबाच्या घराचा ठेवा, मग भाव आपोआप ताळ्यावर येईल.

तिसरा म्हणतो, गरिबाला आपल्या जातभाईंत, आपल्या माणसांतच बरे वाटते. ह्यात थोडे सत्य आहे, आणि अहमदाबादच्या बायांनी ते दाखवून दिले आहे. पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरास आपली तेलुगू बोलणारी आळी सुटू नये असे वाटले तर त्यात गैर काय? म्हणूनच आम्ही हुंडी मागतो, हुकूम मागत नाही. ज्यास आपल्या आळीतच राहावयाचे आहे त्याने तेथेच चांगले घर घ्यावे. ज्यास पोराच्या शाळेपायी जावयाचे आहे त्याने जावे. चार भावकीची घरे मिळून जाऊ म्हणतील तर त्यांस एकत्र जाऊ द्यावे. परंतु गरिबास आपल्यांत बरे वाटते हे वाक्य जेव्हा माडीवरून येते, तेव्हा त्याचा अर्थ इतकाच असतो की आमच्यांत येऊ नका.

आणि खरा अडसर तेथेच आहे. हुंडी हातात घेऊन आमचा कारागीर घर पाहावयास गेला की मालक आधी आडनाव विचारतो. आडनावावरून उमज पडला नाही तर गाव विचारतो. तरीही पत्ता लागला नाही तर घरात काय शिजते ते विचारतो. सरकारचा शिक्का असलेला कागद अशा उंबऱ्यावर रद्दी ठरतो. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात असे ठरविले की संस्थेने आपले सभासदत्व एका धर्मापुरते ठेवणे कायद्याविरुद्ध नाही. न्यायालयाचा मान आम्ही राखतो. परंतु ज्या संस्थेस दार बंद ठेवावयाचे आहे तिने ते स्वतःच्या पैशाने बंद ठेवावे, सरकारी खजिन्यातल्या आमच्या पैशाने नव्हे.

पत्ता ह्या एका गोष्टीवर पोराचे नशीब कसे टांगलेले असते ते शाळेच्या कायद्यात पाहा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बळ घरांतील मुलांसाठी राखल्या. महाराष्ट्रात ह्या जागा देताना घर शाळेपासून एक किलोमीटरात आहे की तीन किलोमीटरांत हे पाहिले जाते. म्हणजे चांगल्या शाळेच्या पलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या मोलकरणीच्या मुलीस जागा लाभू शकते, आणि माळावरच्या वसाहतीतील तितक्याच हुशार मुलीस अर्ज करावयासही आसपास शाळा नाही! फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नियम फिरवून, जवळ सरकारी शाळा असेल तर खासगी शाळेस ह्या जागांतून सूट देऊ केली होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ती रद्द केली. कायद्याने हक्क टिकला. परंतु ज्याचा पत्ताच हद्दीबाहेर त्याने तो हक्क काय चाटावयाचा?

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आणि रोखठोक आहेत. पहिली, ज्या ठिकाणी चालत जाण्याच्या अंतरावर दहावीपर्यंतची शाळा, दवाखाना आणि बस आज चालू आहे, नकाशात नव्हे तर जमिनीवर चालू आहे, तेथीलच बांधकाम व्हाउचरसाठी मान्य करावे. दुसरी, हुंडीची रक्कम सर्वत्र एकच नसावी. शहराच्या पोटात जमीन महाग तर तेथे रक्कम अधिक, आणि घर घेण्यास ऐपत नसेल त्यास भाड्यासाठीही ती मिळावी. तिसरी, दर प्रभागात एक जाणता माणूस नेमावा. त्याने घर दाखवावे, कागद पुरे करून द्यावेत, मालकाशी बोलावे. चौथी, जी संस्था किंवा जो मालक जात, धर्म वा ताटातले अन्न पाहून दार लावतो त्यास सरकारी पैशाचा व सवलतीचा एक छदामही मिळू नये. पाचवी, जे कुंभारीस गेले आहेत त्यांस टाकून देऊ नये; त्यांच्यासाठी शाळेचे वर्ग, पुरेसे शिक्षक, दवाखाना आणि कामाच्या वेळेस धरून बसगाड्या ह्यांचा आकडा दरसाल जाहीर व्हावा. ज्या पोरांनी आज तेथे मुक्काम टाकला आहे त्यांस दुसऱ्या योजनेची वाट पाहावयास वेळ नाही.

ह्या मागण्या कोणी आपण होऊन मान्य करील अशा भ्रमात आम्ही नाही. बहुजन समाजास आजवर जे मिळाले ते मागून, भांडून, आणि मुख्यतः समजून घेऊन मिळाले. तेव्हा प्रत्येक वाचकाने एवढे करावे. आपला जो नातलग सोलापुरात भाड्याने राहतो त्यास ही योजना सांगावी. नगरसेवक मत मागावयास आला की त्यास विचारावे, मान्य बांधकामांची यादी कोठे आहे आणि त्यांतून शाळा किती पावलांवर आहे. विडी कामगारांच्या, यंत्रमाग कामगारांच्या, रिक्षावाल्यांच्या संघटनांनी घरांच्या संख्येबरोबर घरांची जागाही मागणीपत्रात लिहावी. पुढाऱ्याने किल्ली दाखविली की तिच्याकडे पाहून टाळी वाजवू नये. कुलूप कोठे आहे ते आधी विचारावे. आणि हे सारे पोर तेरा वर्षांचे होण्याच्या आत करावे.